पोर परत आलं की कहाणी, नाही आलं की भयपट

श्रावणातला रविवार होता. माहीमला आत्याकडे जेवायला गेले आणि पावसाने तिथेच अडकवलं. दुपारी काय करायचं म्हणून मोबाइल टीव्हीला जोडला आणि ‘द विकर मॅन’ लावला. १९७३ चा ब्रिटिश भयपट. आत्या शेजारी बिरड्याचे वाल सोलत बसली होती. स्कॉटिश उच्चार तिला कळत नव्हते, मलाही निम्मेच कळत होते, म्हणून मी मधूनमधून तिला गोष्ट सांगत होते.

शेवटी फांद्यांच्या प्रचंड पुतळ्यात कोंडलेला माणूस जळायला लागतो आणि खाली सगळं गाव हातात हात घालून गाणं म्हणतं. तेव्हा आत्याने हातातला वाल वाटीत टाकला आणि म्हणाली, “अगं, ही तर शीतळासप्तमीची कहाणी. ह्यांचं पोर तेवढं परत आलं नाही.”

या चित्रपटावर मी बरंच वाचलंय. इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेलं आठवत नाही. तेव्हा तिचंच बोट धरून हा चित्रपट समजावून सांगते. शेवट वर सांगून टाकलाच आहे. पन्नास वर्षांहून जुन्या चित्रपटाबाबत एवढी सूट मिळावी.

आधी गोष्ट. नील हाउई हा स्कॉटलंडचा पोलीस सार्जंट. कडवा ख्रिश्चन, लग्न ठरलेलं, आणि लग्नाआधी बाईला हात लावायचा नाही या मताचा. त्याला निनावी पत्र येतं: समरआइल बेटावरची रोवन मॉरिसन नावाची मुलगी बेपत्ता आहे. छोटं समुद्री विमान घेऊन तो एकटाच तिथे जातो. बेटावरचे लोक आधी म्हणतात, अशी मुलगी इथे नाहीच. मग म्हणतात, होती, पण मेली. मग म्हणतात, मेली कसली, आता ती ससा होऊन रानात पळते आहे. हाउई कबर उकरून घेतो, तर पेटीत खरोखर ससा निघतो.

बेटावर ख्रिस्ती धर्म उरलेला नाही. लोक सूर्याला, फळबागांच्या देवतेला भजतात. शाळेत मुलींना प्रजननाचे धडे देतात, घसा दुखणाऱ्या पोरीच्या तोंडात आई बेडूक धरते, कबरीवरच्या झाडाला वाळलेली नाळ टांगलेली असते. हाउईचा चेहरा प्रत्येक ठिकाणी आंबट होत जातो. मला मात्र नाळ बघून फार धक्का बसला नाही. ‘तिथे माझी नाळ पुरली आहे’ असं आपण गावाबद्दल अजून म्हणतोच की.

बेट सफरचंदांसाठी नावाजलेलं, पण खाणावळीत हाउईच्या ताटात डब्यातल्या भाज्या आणि डब्यातली फळं येतात. भिंतीवर दरवर्षीच्या सुगीच्या उत्सवाचे फोटो लागलेले, त्यातला गेल्या वर्षीचा गायब. हाउई दोन आणि दोन चार करतो: गेल्या वर्षी पीक बुडालं, म्हणजे यंदा मे महिन्याच्या पहिल्या तारखेला रोवनचा बळी देणार. तिला सोडवायला तो उत्सवाच्या मिरवणुकीत विदूषकाचा वेष चढवून शिरतो. मुलगी सापडते. दोघं पळतात. आणि ती मुलगी त्याला घेऊन थेट गावकऱ्यांच्या पुढ्यात येते. तिला कोणीच मारणार नव्हतं. ती आमिष होती. बळी तो होता.

आता तो बळीसाठी योग्य का, हे त्याला आदराने समजावून सांगतात. तो आपल्या पायांनी आला आहे. कायद्याचा माणूस म्हणून राजाचा अधिकार घेऊन आला आहे. कुमार आहे. आणि मूर्खाचा वेष त्याने स्वतःहून घातला आहे. बुरूड टोपली विणतो तशा विणीचा एक उंचच उंच माणूस कड्यावर उभा असतो, आत जनावरं भरलेली. विकर म्हणजे हीच वीण. हाउईला त्यात चढवतात आणि पेटवतात. आतून तो बायबलमधलं ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे स्तोत्र ओरडून म्हणतो, बाहेर लोक उन्हाळ्याच्या स्वागताचं जुनं गाणं गातात. पुतळ्याचं जळतं डोकं गळून पडतं आणि मागे सूर्य मावळताना दिसतो. संपला चित्रपट.

यात भूत नाही, अंधार जवळजवळ नाही, दचकवणारा आवाज नाही. उलट इतकी गाणी आहेत की पहिला तासभर हा संगीतपट वाटावा. या जातीच्या चित्रपटांना इंग्रजीत ‘फोक हॉरर’ म्हणतात. आपण लोकभयपट म्हणू. एकटं पडलेलं गाव, तिथली मातीशी बांधलेली श्रद्धा, बाहेरून आलेला शहाणा माणूस आणि शेवटी एखादा विधी, असा याचा साचा. भीती कशाची, तर आजूबाजूच्या सगळ्या माणसांना एक गोष्ट पक्की खरी वाटते आणि आपल्या एकट्याला ती वाटत नाही, याची. गणपतीत ढोल वाजत असताना गर्दीत उलट्या दिशेने चालून पाहिलंय कधी? त्याच्या हजारपट.

चित्रीकरणाची एक गंमत सांगायलाच हवी. गोष्ट एप्रिल-मेची, पण चित्रीकरण झालं १९७२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, स्कॉटलंडच्या थंडीत. झाडांना खोटा मोहर चिकटवला, आणि तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नट बर्फाचे खडे चघळत होते. दिग्दर्शक रॉबिन हार्डी, पटकथा अँथनी शाफर यांची. बेटाचा मालक लॉर्ड समरआइल झालेल्या ख्रिस्तोफर ली यांनी मानधन घेतलं नाही. कंपनीला या मालाचं काय करायचं तेच कळेना, म्हणून दहाबारा मिनिटं कापून दुसऱ्या एका चित्रपटाच्या जोडीला तो दाखवून टाकला. नाव पुढे हळूहळू झालं.

श्रद्धा जुनी किती?

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, हे हजारो वर्षं जपलेल्या आदिम धर्माचं बेट आहे. पटकथेची सगळ्यात हुशार खेळी इथे आहे आणि ती एकाच संवादात उरकली आहे, म्हणून निसटते.

लॉर्ड समरआइल हाउईला घराण्याची गोष्ट सांगतो. १८६८ साली त्याच्या आजोबाने हे नापीक बेट विकत घेतलं. आजोबा शास्त्रज्ञ. गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह आणि ज्वालामुखीची माती यांच्या जोरावर इथे फळं पिकतील असा त्याचा हिशेब, आणि त्यासाठी त्याने नव्या जाती तयार केल्या. पण खचलेल्या, अर्धपोटी लोकांना कामाला लावायचं कसं? तर त्यांना त्यांचे जुने देव परत देऊन. बाग फुलली, लोकांना वाटलं देव पावले, पाद्री बेट सोडून पळाले. आजोबाने सोय म्हणून जे सुरू केलं ते बापाने प्रेमाने केलं, आणि नातू त्यातच वाढला.

म्हणजे हा ‘प्राचीन’ धर्म जेमतेम शंभर वर्षांचा, आणि तो सुरू करणारा माणूस नास्तिक. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये अशा प्रकाराला ‘रचलेली परंपरा’ असं नाव देऊन एक ग्रंथच संपादित केला. चित्रपट त्याच्या दहा वर्षं आधीचा.

आणखी एक वळण आहे. बेटावरचे विधी लेखकाने आणले कुठून? बरेचसे मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथातून. तो १८९० मध्ये दोन खंडांत आला आणि वाढत वाढत बारा खंडांचा झाला. फ्रेझर यांचं म्हणणं ढोबळमानाने असं: जादूटोण्यामागे दोन समजुती असतात. एक, सारख्याने सारखं घडतं. पाऊस हवा तर पाणी शिंपडा. दुसरी, एकदा चिकटलेलं कायम जोडलेलं राहतं. म्हणून कापलेले केस, नखं, नाळ जपा, शत्रूच्या हाती लागू देऊ नका. आणि पिकाचा जीव राजात असतो, म्हणून राजा थकला की जुन्या समाजांत त्याला मारून नवा आणत, असा त्यांचा सिद्धांत. हाउई ‘राजाचा अधिकार घेऊन आलेला’ का, ते इथे कळतं.

गंमत अशी की फ्रेझर स्वतः या समाजांत जाऊन राहिले नव्हते. मिशनऱ्यांची, अधिकाऱ्यांची टिपणं वाचून खुर्चीत बसून त्यांनी हे लिहिलं, आणि मानववंशशास्त्राने पुढे त्यातलं बरंचसं बाजूला ठेवलं. पुतळ्याचंही तसंच. फांद्यांच्या माणसात जिवंत माणसं कोंडून जाळतात, हे रोमन सेनापती ज्युलियस सीझरने आजच्या फ्रान्समधल्या गॉल लोकांबद्दल आपल्या युद्धवृत्तांताच्या सहाव्या भागात लिहिलं आहे. सीझर त्यांना जिंकायला गेला होता. जिंकायच्या लोकांबद्दल जिंकणारा काय लिहील, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. थोडक्यात, खुर्चीतल्या विद्वानाचं पुस्तक, शत्रूने लिहिलेली बातमी आणि एका बागायतदाराची सोय, एवढ्यावर बेटाचा धर्म उभा आहे. माणूस मात्र खराच जळतो.

श्रद्धा फुटत का नाही?

शेवटच्या दहा मिनिटांत हाउई आरडाओरडा करतो, पण त्यात एक वाक्य असं टाकतो की लॉर्डच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर पातळ होतं. हाउईचं म्हणणं असं: फळं इथल्या मातीची नव्हेत, ती टिकणार नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा पीक गेलं की माझ्यापेक्षा मोठा बळी लागेल, आणि या बेटावर राजापेक्षा मोठा कोण आहे? लोक तुलाच जाळतील.

उत्तर एवढंच मिळतं, की पीक जाणार नाही.

या श्रद्धेची रचना पाहा. पीक आलं, म्हणजे बळी लागू पडला. नाही आलं, म्हणजे बळी कमी पडला. ती खोटी ठरेल अशी तिसरी शक्यता जागेवरच नाही. गेल्या वर्षीपर्यंत जनावरांवर भागत होतं, यंदा माणूस. अपयश इथे शंका निर्माण करत नाही, दर वाढवतं. विज्ञान आणि श्रद्धा यांत फरक काय, हे मला शाळेत पाच मार्कांसाठी पाठ करावं लागलं होतं. या एका प्रसंगात ते जास्त नीट कळलं. एखादं विधान खोटं ठरायची जागा ठेवतं की नाही, एवढंच बघायचं.

आपल्याकडे याची सौम्य, रोजची आवृत्ती नवसात आहे. बांद्र्याला माउंट मेरीच्या पायऱ्यांजवळ मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. पाय दुखतो त्याने मेणाचा पाय वाहायचा, घर हवं त्याने घर. सप्टेंबरातल्या जत्रेत तिथे सगळ्या धर्मांची माणसं रांगेत असतात, आमच्या घरचेही गेले आहेत. लालबागच्या राजाची सुरुवातच नवसातून झाली. पेरू चाळीतला बाजार बंद पडल्यावर कोळणींना आणि व्यापाऱ्यांना बसायला हक्काची जागा हवी होती, ती मिळाली म्हणून १९३४ मध्ये गणपती बसवला. आज तिथे नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी.

नवस फेडायला येतो कोण? ज्याचा पावला तो. ज्याचा नाही पावला तो रांगेत नसतो, म्हणून रांगेत विचाराल तर शंभरातले शंभर सांगतील की पावतो. हा मुद्दा फार जुना आहे. रोमन लेखक सिसेरोने डायागोरास नावाच्या ग्रीक नास्तिकाची गोष्ट दिली आहे. समुद्रातून वाचलेल्यांनी देवळात टांगलेली चित्रं दाखवून त्याला कोणी म्हणालं, बघ, देव किती जणांना तारतो. तो म्हणाला, बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत? आपल्या तुकोबांनी तर आणखी रोखठोक विचारलं: नवसाने पोरं होत असती तर नवरा कशाला करायचा?

पण चित्रपटाने हाउईला तुकोबा केलेलं नाही, आणि हे मला त्याचं मोठं बळ वाटतं. हाउई विवेकवादी नाही. तोही श्रद्धाळूच, फक्त दुसऱ्या देवाचा. उघड्या मुली आगीवरून उड्या मारतात, कारण त्यातून गर्भ राहतो अशी समजूत, यावर तो चिडतो. लॉर्ड शांतपणे विचारतो, तुमचा देवही कुमारिकेच्याच पोटी जन्मला ना? हाउई ज्या क्रुसापुढे गुडघे टेकतो तोही एका बळीचाच. दुसऱ्याची श्रद्धा आपल्याला लगेच वेडाचार दिसते आणि आपली तशी दिसत नाही, हे त्या दोघांनाही लागू आहे. प्रेक्षकाची पंचाईत अशी की वागायला बेटावरचे लोक गोड आहेत आणि हाउई उर्मट. निम्मा चित्रपट आपण चुकीच्या बाजूने असतो.

पोर द्यायचं, पण कोणाचं?

आता आत्याच्या कहाणीकडे. शीतळासप्तमी म्हणजे श्रावण शुद्ध सप्तमी, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड खायचं. कहाणी साधारण अशी. आटपाट नगरच्या राजाने गाव वसवलं, तळं बांधलं. काही केल्या पाणी लागेना. जलदेवतांची प्रार्थना केली. त्या म्हणाल्या, राजा, सुनेचा थोरला मुलगा बळी दे, पाणी लागेल. राजा दुःखी झाला. पुष्कळ लोकांच्या प्राणांपुढे एका नातवाचा प्राण जास्त नाही, असा विचार त्याने केला. पण सून कबूल कशी होणार? म्हणून तिला माहेरी पाठवलं. मुलाला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, दागिने घातले, पलंगावर निजवलं आणि पलंग तळ्याच्या मधोमध ठेवला. तळ्याला महापूर पाणी आलं.

लहानपणी हे ऐकताना मला काही वाटायचं नाही. आत्या लाल कापडी बांधणीच्या पुस्तकातून एका सुरात वाचायची, आम्ही हातात अक्षता धरून ‘साठा उत्तरांची’ कधी येते याची वाट बघायचो. आता वाचते तेव्हा त्या न्हाऊमाखू घालण्याशी अडखळते. समरआइलच्या बायकाही हाउईला पुतळ्यात चढवण्याआधी अशाच प्रेमाने न्हाऊ घालतात, नवं वस्त्र घालतात.

बांधकाम टिकत नाही आणि देवता काहीतरी मागते, हा सांगाडा जगभर सापडतो. मुंबईची स्वतःची एक आवृत्ती आहे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधली खाडी बुजवायला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या काळात बांध घातला, तो हॉर्नबी वेलार्ड. आख्यायिका अशी की बांध पुन्हा पुन्हा फुटत होता, तेव्हा रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात महालक्ष्मी आली. म्हणाली, मी समुद्रात आहे, मला वर काढ. मूर्ती निघाल्या, देऊळ झालं, बांध टिकला. आमच्या देवीने पोर मागितलं नाही, पाण्यातून बाहेर काढायला सांगितलं. आत्या हे दर वेळी फार अभिमानाने सांगते, ती पाठारे प्रभूंची सून आहे म्हणूनही असेल.

देवता जीव मागते तेव्हा माणूस काय करतो? बदली शोधतो. इथे मला आमच्या आजोबांचा गिरणीतला शब्द वापरल्याशिवाय राहवत नाही. कायम कामगार नसेल त्या दिवशी फाटकावर उभा असलेला दुसरा आत घ्यायचा, तो बदली कामगार. बळीच्या इतिहासात अशा बदल्याच बदल्या आहेत. माणसाऐवजी बकरा, बकऱ्याऐवजी कोंबडा, कोंबड्याऐवजी कोहळा, कोहळ्याऐवजी नारळ. दसऱ्याला दुकानापुढे कोहळा कापून वर कुंकू टाकतात ते कुंकू कशाच्या जागी आहे? नारळाला शेंडी आहे आणि डोळे आहेत. इब्राहीमच्या गोष्टीत सुरी पोराच्या मानेशी पोचते आणि त्याच्या जागी मेंढा येतो, म्हणून बकरी ईदच्या आधी देवनारचा बाजार भरतो. माउंट मेरीचा मेणाचा पाय हीसुद्धा बदलीच, फ्रेझर ज्याला ‘सारख्याने सारखं’ म्हणतात त्यातली.

पण बदलीची दुसरी वाटही आहे आणि ती खाली उतरते. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली शुनःशेपाची गोष्ट बघा. हरिश्चंद्राने वरुणाला कबूल केलेलं, मुलगा झाला तर तुलाच वाहीन. मुलगा झाला, रोहित. मग आज करतो, उद्या करतो. रोहित मोठा झाला, रानात निघून गेला आणि तिथे त्याला अजीगर्त नावाचा भुकेकंगाल ब्राह्मण भेटला, तीन पोरांचा बाप. थोरला बापाला सोडवेना, धाकटा आईला. मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला गेला. यज्ञात त्याला खांबाला बांधायला कोणी तयार होईना, तेव्हा बाप म्हणाला, आणखी शंभर द्या, मी बांधतो. कापायला कोणी होईना, तेव्हा म्हणाला, आणखी शंभर द्या, मी कापतो. शेवटी शुनःशेपाने देवांना आळवलं आणि दोर सुटले.

राजाच्या पोराची बदली गरिबाचं पोर. सीझरच्या त्याच मजकुरातही असंच एक वाक्य आहे: देवांना चोर-दरोडेखोर दिलेले जास्त आवडतात असं गॉल लोक मानतात, पण ते पुरे पडले नाहीत की निरपराधांवर उतरतात. नारळापर्यंत पोचलेली वाट आणि दुसऱ्याच्या पोरापर्यंत पोचलेली वाट एकाच ठिकाणाहून फुटते. आपलं द्यायचं नाही, पण दिल्यासारखं तर झालं पाहिजे.

समरआइलच्या लोकांनी तरी त्याग कशाचा केला? सफरचंदांसाठी स्वतःचं काहीच दिलं नाही. परका आणला, ज्याच्यासाठी बेटावर रडणारं कोणी नाही. फ्रेंच विचारवंत रने जिरार यांनी १९७२ मध्ये, म्हणजे चित्रीकरणाच्याच वर्षी, हिंसा आणि पावित्र्य यांच्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मते बळी तोच निवडला जातो ज्याच्या मरणाचा सूड कोणी घेणार नाही. समाजातली धुसफूस एका जिवावर रिकामी होते आणि उरलेले सगळे एक होतात. शेवटच्या दृश्यातली ती हातात हात घातलेली, गाणारी, आनंदाने डोलणारी माणसं आठवा.

त्याच १९७२ च्या नोव्हेंबरात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये खून सुरू झाले आणि १९७४ च्या जानेवारीपर्यंत चालले. मेलेल्यांत लहान मुली होत्या, बायका होत्या. हेतू गुप्तधनाचा आणि संततीचा. तपासाला मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी गेले होते. तिकडे कड्यावर नट बर्फ चघळत खोटा बळी रंगवत होते तेव्हा इकडे खरा चालला होता, आणि निवडलेले जीव अगदी जिरार म्हणतात तसे.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा वटहुकूम काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या लांबलचक नावात ‘महाराष्ट्र’नंतरचा पहिलाच शब्द ‘नरबळी’ आहे. मी ते नाव पहिल्यांदा पूर्ण वाचलं तेव्हा वाटलं होतं, एकविसाव्या शतकात हा शब्द कशाला? मग वर्तमानपत्रं वाचत गेले.

आपल्या पायांनी

हाउईला सांगितलेल्या चार अटींपैकी मला सगळ्यात भयंकर वाटते ती पहिली: तू आपल्या पायांनी आलास. पत्र त्यांनीच लिहिलं, खोटं त्यांनीच बोललं, आमिष त्यांनीच लावलं, आणि तरी तो ‘आपल्या पायांनी’ आलेला असणं त्यांना गरजेचं वाटतं. मारणाऱ्याला मरणाऱ्याची संमती का हवी असते? जत्रेत बकऱ्याच्या अंगावर पाणी शिंपडतात, त्याने अंग झाडलं की म्हणतात, देवाने मानून घेतला. पाणी पडल्यावर अंग कोण झाडत नाही?

बळी राजीखुशीने गेला तर तो त्याग. ओढून नेला तर खून. मधली रेघ संमतीची, म्हणून ती काढावीच लागते, खोटी का होईना. शीतळासप्तमीच्या राजालाही हे ठाऊक होतं. त्याने सुनेला विचारलं नाही, माहेरी धाडलं. विचारलं असतं तर ‘नाही’ ऐकावं लागलं असतं. चांगुणेच्या गोष्टीत, चिलया बाळाच्या, उलट आहे. तिथे आईच उखळात पोराचं डोकं कांडते आणि गाते, आणि आपण त्याला भक्ती म्हणून डोळे पुसतो.

या सगळ्या गोष्टींत पोर परत येतं. चिलया उठतो, शुनःशेपाचे दोर सुटतात, इब्राहीमच्या हाताखाली मेंढा येतो. शीतळासप्तमीत सून माहेराहून निघते, वाटेत सासऱ्याचं तळं भरलेलं बघते, तिला वसा आठवतो. काकडीच्या पानावर दहीभात ठेवून पूजा करते, पाण्यात उभी राहते आणि म्हणते, आमच्या वंशातलं कोणी बुडालं असेल तर परत मिळो. मुलगा खालून तिचा पाय ओढतो. परत आलेल्या पोरामुळेच त्या गोष्टी शेकडो वर्षं घरात सांगता आल्या. तेवढा शेवट काढून घ्या, काय उरतं? प्रेमाने न्हाऊ घालणारे, सगळ्यांच्या भल्याचा विचार करणारे आजोबा. ‘द विकर मॅन’ने तेवढंच केलं आहे.

चित्रपट संपल्यावर मी आत्याला हे बरंचसं सांगितलं, जिरार वगळून. ती ऐकत होती की नाही देव जाणे. सोललेले वाल धुऊन तिने आत नेऊन ठेवले, परत येऊन सालं कागदात गुंडाळली. मग म्हणाली, “राजाची सून तळ्यावर गेली म्हणून तिचं पोर मिळालं. ह्याचं लग्न ठरलेलं होतं म्हणालीस ना तू?”

“हो.”

“मग तिला कोणी कळवलं?”

मी शेवटची पाच मिनिटं पुन्हा लावून बघितली. जळता पुतळा, गाणं, सूर्य. बेटाबाहेरचं एकही दृश्य नाही.